तांदळात लिहिलेलं नाव

महाराष्ट्राला महाराष्ट्र का म्हणतात, हे माझ्या बायकोला दुसऱ्या माणसानं सांगितलं. तिला जाऊन आता आठ महिने झाले, तरी ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरत नाही. ती गेली तसा माझा जळफळाटपण जायला पाहिजे होता. गेला नाही. उलट आता घरात तोच एक माझ्यासोबत राहतो.

मी गवंडी. तिसरीपर्यंत शाळा, त्यानंतर थापी. लिहायची सवय नाही. एक ओळ लिहायला मला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी पूर्वी विटांचा एक थर चढवायचो. पण हे काम दुसऱ्याकडून करून घेण्यासारखं नाही.

ज्या माणसाबद्दल बोलतोय तो मास्तर. आमच्या उस्मानपुऱ्यातलाच, गल्लीच्या तोंडाशी त्याचं घर. जिल्ह्यात गावोगाव इतिहास शिकवून निवृत्त झालेला. बरीच वर्षं फर्दापूरला होता, तिथं सुट्टीच्या दिवशी लेण्यांत हिंडून दगडावरची जुनी अक्षरं बघायचा नाद लागला म्हणे. मुसलमान माणूस. घरात बायकोशी दखनी बोलतो आणि बाहेर अशी मराठी, की त्याच्यापुढं माझी मराठी म्हणजे न चाळलेली वाळू. बाया त्याला सर म्हणतात. मी तोंडावर मास्तर म्हणतो आणि इथं 'तो' लिहितो, कारण हे माझं लिहिणं आहे.

दोनेक वर्षांपूर्वी या मास्तरानं आपल्या ओट्यावर गल्लीतल्या म्हाताऱ्या बायांचा वर्ग सुरू केला. दुपारी तीन ते साडेचार. सहा-सात जणी सतरंजीवर बसायच्या, मास्तर खुर्चीत, आणि त्याची बायको दारात बसून लसूण सोलत ऐकायची. माझी बायको पहिल्या दिवसापासून जायला लागली. ती माहेरी पाचोडला सातवी शिकलेली. माझ्या दुप्पट, आणि वर एक यत्ता. हे तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही. मला मात्र ते रोज ऐकू यायचं.

आधीच सांगून टाकतो. त्या दोघांत काही होतं असं मी म्हणत नाही. मी म्हातारा आहे, येडा नाही. मला हेवा होता तो तिच्या तोंडाचा. तीन वाजता जाताना तिचं तोंड रोजचं असायचं, साडेचारला परतताना पोरीसारखं व्हायचं. आपल्यामुळं हे तोंड असं कधी झालं होतं, ते आठवायला मी एकदा बसलो, आणि थोड्या वेळानं तसाच उठलो.

महाराष्ट्राची गोष्ट घेऊन ती आली तो दिवस मला आठवतो. मी मोरीचा फुटलेला कोपरा सिमेंटनं भरत होतो.

"अहो, ऐकलं का?" चपला काढता काढताच ती म्हणाली. "महाराष्ट्र हे नाव कुठून आलं, ठाव हाय का तुम्हाला?"

"सरकारनं दिलं असंल."

"सरकार परवाचं. नाव दोन हजार वर्षांचं हाय."

"मग मला कशाला विचारती? मी तेवढा म्हातारा नाय."

एरवी ती अशा बोलण्यावर हसायची. त्या दिवशी तिला हसायला सवड नव्हती. "सर म्हणाले, रट्ठ नावाचे लोक होते जुने. त्यातले मोठे ते महारट्ठ, आणि त्यांचा मुलूख तो महाराष्ट्र. लेण्यात दगडावर तसा शब्द कोरलाय, महारठी म्हणून. दुसरे लोक म्हणतात, तसं काय नाय, महा म्हंजे मोठं, मोठा मुलूख तो महाराष्ट्र. तिसरे म्हणतात, रथ हाकणारे महारथी होते, त्यांच्यावरून पडलं. आणि ते जुनं राज्य कुठं होतं सांगा? पैठणला! पाचोडाहून पैठण कितीक लांब हाय? म्हंजे नाव आमच्या अंगणातनं गेलं की."

पाचोडच्या बाजाराचा तिला गर्व होता, हे मला माहीत होतं. आता अख्खं राज्य तिनं माहेरी नेऊन बांधलं.

"एका नावाला तीन उत्तरं?" मी म्हणलं. "मी एका भिंतीला तीन कोपरे दाखवले असते तर मालकानं हाकलून दिलं असतं."

"सर म्हणतात, जे नक्की ठाव नाय ते नक्की नाय असंच सांगावं."

"नक्की ठाव नाय, आणि तरी सर!"

ती उठली. आत जाऊन वही काढून लिहीत बसली. मी भरलेला कोपरा वाकडा झाला. पन्नास वर्षांत माझ्या हातचा वाकडा कोपरा तो एकच, अजून तसाच आहे.

ही वही मास्तरानंच घ्यायला लावलेली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक पानाला दोन उभ्या रेघा मारून तीन भाग. पहिल्यात नाव, दुसऱ्यात ते कुठून आलं, तिसऱ्यात कुणी सांगितलं. मास्तराचा या तिसऱ्या भागावर फार जोर. ऐकलेलं लिहायचं तर कुणाकडून ऐकलं तेही लिहायचं, नाहीतर ती चोरी, असं तो म्हणायचा. आठवड्यानं वही तपासून लाल पेनानं बरोबरच्या खुणा करायचा. साठी ओलांडलेल्या बाया त्या लाल खुणा एकमेकींना दाखवायच्या.

मग काय, घरात नावांचा पाऊस. कोणत्या राज्याला लोक लाडानं काय म्हणतात, ते सुरू झालं. केरळ म्हणे देवाची भूमी. पंजाब पाच नद्यांचा. महाराष्ट्र संतांची भूमी. आपलं शहर दरवाजांचं, बावन्न दरवाजांचं. मकबरा म्हणजे दख्खनचा ताज. मी म्हणलं, यातलं अर्धं मला ठाव हाय, त्या दरवाजांच्या डागडुजीला मी चुना मळलाय. ती म्हणाली, मळलाय खरा, पण कधी सांगितलं का?

एक नाव मात्र मी तिला दिलं. तेही हेव्यानंच. माझा बाप सांगायचा, पलीकडच्या मुलखातले लोक आपल्या भागाला मोगलाई म्हणायचे, कारण आपण निजामाकडं. बाप जन्मला तेव्हा आम्ही महाराष्ट्रात नव्हतोच. हे मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, "व्हय, सरांनी सांगितलं ते सोमवारी."

मग मी शेवटचा दगड काढला. "बरं, आपल्या शहराचं सगळ्यात पहिलं नाव काय?"

ती थांबली. वर्ग अजून तिथवर आला नव्हता.

"खडकी," मी म्हणलं. "आमचे उस्ताद सांगायचे. इथं पाया खणायला घे, दोन हातांवर कुदळ ठणकन वाजती. खाली सगळा खडक. म्हणून खडकी. मग राजे आले, त्यांनी आपापली नावं दिली, अजून देतात. पण कुदळीला इचारलं तर ती अजून खडकीच म्हणती."

ती माझ्याकडं बघत राहिली. आणि मी शपथेवर सांगतो, तिचं तोंड तेव्हा तसं झालं. साडेचारचं. मी आयुष्यात इतक्या भिंती बांधल्या, पण एवढं काही बांधल्यासारखं कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती वर्गातून आली ती म्हणतच, "सरांना खडकीचं लई आवडलं. म्हणाले, असं कुदळीच्या आवाजावरून सांगितलेलं कुठं वाचलं नाय."

"कुणी सांगितलं म्हणलीस?"

"सांगितलं की."

"कुणाचं नाव सांगितलंस?"

"अगं बाई! तुमचं नाव मी कधी घेतलंय?" एवढं बोलून ती कणीक मळायला बसली.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही तिच्या माहेरची शिस्त. हळदीकुंकवात बायांनी धरलं तर उखाण्यात घ्यायची, तेवढंच. मी मात्र मनात पक्कं केलं, की माझी खडकी तिनं स्वतःच्या हुशारीत खपवली आणि शाबासकी घेतली. महिनाभर मला ते डाचत होतं.

तिलाही टोपणनावं पाडायचा नाद लागला. गल्लीत एकेकाला एकेक चिकटवायची. वर्गातल्या एका फुगलेल्या बाईला 'दौलताबाद', कारण चढून जावं तरी वर काही सापडत नाही. दूधवाल्याला 'जायकवाडी', कारण त्याच्याकडं पाणी भरपूर. मी एकदा विचारलं, माझं काय पाडलंस? म्हणाली, ओळंबा.

ज्याला माहीत नसंल त्याच्यासाठी सांगतो. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेला लोखंडी गोळा. भिंत सरळ चढते का नाही ते बघायला लावतात. मला बरं वाटलं. सरळ माणूस, असा मी अर्थ काढला. दोन दिवसांनी मास्तराच्या ओट्यावरून जाताना बाया फिदीफिदी हसल्या आणि दौलताबाद म्हणाली, "आला बघा ओळंबा! सरळ खरा, पण कुणाच्या भिंतीला टेकायचा नाय." मास्तरपण हसला. आमच्या घरातलं नाव ओट्यावर गेलं होतं. मी सरळ घरी आलो आणि त्या दिवशी जेवलो नाही.

आता मुख्य गोष्ट. ती सांगायची तर आधी तिच्या नावाचं सांगावं लागंल.

आमच्यात नवरी घरात आली की ताटात तांदूळ पसरतात. नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यावर बायकोचं नवं नाव लिहायचं. सासरी तिला त्याच नावानं हाक मारायची, माहेरचं नाव माहेरी राहतं. तसं मी लिहिलं. ते नाव पुढं तिनं सगळं आयुष्य वापरलं. ते नाव मी कुठून आणलं, हे मात्र मी तिला सांगितलं नाही. तिनं लग्नाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी विचारलं, मी म्हणलं, सुचलं. पोरं झाल्यावर विचारलं, मी म्हणलं, सुचलं म्हणलं ना. नंतर नंतर ती दोन-चार वर्षांतून एकदा विचारायची, दुसरंच काही बोलता बोलता, सहज विचारल्यासारखं. मी दर वेळी टाळलं. मला लाज वाटायची. कशाची ते पुढं येईल.

ती जायच्या आधी तीनेक महिन्यांची गोष्ट. साडेचारला ती आली, चहा टाकला, माझ्यापुढं कप ठेवला आणि समोर बसली.

"सर म्हणाले, प्रत्येकीनं शेवटच्या पानावर स्वतःचं नाव लिहायचं. कुठून आलं तेपण."

मी चहा फुंकत राहिलो.

"दोन हजार वर्षांनी सुद्धा राज्याच्या नावाचं लोक काय ना काय सांगतात. माझं पन्नास वर्षांतलं हाय. तेवढं तर सांगा."

त्या घडीला मी सांगितलं असतं. खरंच तोंडाशी आलं होतं. पण 'सर म्हणाले' या शब्दांनी सुरुवात झाली होती, आणि ते दोन शब्द माझ्या कानात खड्यासारखे बसले होते. मी म्हणलं, "जा, तुझ्या सरांनाच इचार. त्यांना सगळं ठाव असतं."

तिनं कप उचलले. परत कधी विचारलं नाही.

मग तिची छाती भरायला लागली. दवाखाना, घर, दवाखाना, आणि एका सकाळी संपलं. त्याचं जास्त लिहीत नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे आणि बाकीच्यांना लिहून कळत नाही.

तेराव्याला मास्तर आला होता, मागं बसून गेला. महिन्याभरानं परत आला. दारातच उभा राहून म्हणाला, "मिस्त्री, एक विनंती आहे. महाराष्ट्र दिनाला वर्गाचा छोटा कार्यक्रम करतोय. प्रत्येकीनं आपल्या वहीतलं एक पान वाचायचं. महाराष्ट्राच्या नावाचं पान तुमच्या मंडळींकडं होतं, सगळ्यांत नीट त्यांनीच लिहिलंय. वही द्याल का? कुणीतरी वाचेल."

"सापडत नाय," मी म्हणलं.

वही माझ्या उशीखाली होती. मी उघडलेली नव्हती. तिच्यात पानोपानी 'सर' असणार, लाल खुणा असणार. मेलेल्या बायकोच्या अक्षरात दुसऱ्याचं कौतुक वाचायची ताकद माझ्यात नव्हती. मास्तर दोनदा आला, दोनदा मी तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तो नुसता म्हणाला, "सापडली तर बघा." त्याला कळलं होतं. त्याचाही मला राग आला.

एप्रिल संपत आला तेव्हा एका दुपारी, बरोब्बर तीनला, मी वही काढली. ओट्यावर वर्ग भरल्याचा आवाज येत होता. म्हणलं, बघूच एकदा किती सर आहेत ते.

बोट ठेवून ठेवून वाचलं. महाराष्ट्र, तीन उत्तरं, कुणी सांगितलं : सर. पैठण : सर. दख्खन : सर. मोगलाई, तिथं लिहिलं होतं : सर, आणि आधी सासरे सांगायचे असं आमचे हे म्हणतात. मी थांबलो. पान उलटलं. खडकी. कुठून आलं : खाली खडक आहे, कुदळ ठणकन वाजते. कुणी सांगितलं : आमचे हे. खाली रेघ मारलेली. आणि लाल खूण नुसती एक नाही, दोन.

तिनं माझं काही चोरलं नव्हतं. महिनाभर मी जे चघळत बसलो होतो ते खोटं होतं.

तसाच शेवटच्या पानावर गेलो. तिथं तिचं नाव होतं, मी दिलेलं. ते इथं लिहीत नाही. ते वहीत आहे, तिथंच बरं. कुठून आलं : कोरं. कुणी सांगितलं : कोरं. आणि त्या कोऱ्या जागेत लाल पेनानं एक प्रश्नचिन्ह.

माझ्या डोक्यात सणक गेली. माझ्या बायकोच्या नावापुढं हा कोण प्रश्न काढणार? बाया घरी जायच्या तेवढी वाट पाहिली आणि वही काखेत मारून निघालो.

मास्तर सतरंजी गुंडाळत होता, त्याची बायको दारातच होती.

"या मिस्त्री, बसा."

"बसायला आलो नाय. हे प्रश्नचिन्ह कुणी काढलं?"

"मीच."

"आमच्या घरातल्या नावावर तुम्ही कोण प्रश्न काढणारे?"

"अजी, पैले पानी तो पीने देव उनको," त्याची बायको म्हणाली.

मास्तर खाली बसला, सतरंजीवरच. "त्यांनीच काढायला सांगितलं. मी म्हणालो होतो, बाई, या नावाचा अर्थ मला माहीत आहे, मी लिहून देतो. त्या म्हणाल्या, अर्थ नको सर, अर्थ मलाबी ठाव हाय. कुठून आलं ते पाहिजे, आणि ते एकाच माणसाला ठाव हाय. तो सांगंपर्यंत तिथं खूण ठेवा."

"अजून काय म्हणाली?"

"मला काही नाही."

त्यानं 'मला' म्हणलं आणि बायकोकडं पाहिलं. ती लसणाची परडी बाजूला ठेवून म्हणाली, "भाईसाब, बुरा नक्को मानो. उनों मेरे कू बोले थे. शादी के पैले की कोई होएंगी बोले, इस नाम की. पचास साल दिल में रखे. पूछ के देखे, तुम बोलतेच नै."

म्हणजे लग्नाआधी माझी कुणीतरी होती, तिचं नाव मी हिला दिलं, आणि म्हणून मी सांगत नाही, असं ती धरून चालली होती. पन्नास वर्षं. मी तिच्या तोंडावरच्या दीड तासाच्या उजेडावर जळत होतो, आणि ती ज्या बाईवर जळत होती ती जन्मालाच आली नव्हती.

मी पाणी प्यालो. तांब्या खाली ठेवला. मास्तरानं विचारलं नाही, हे त्यानं बरं केलं. तेव्हा त्याला सांगायचं माझ्या मनात नव्हतं. तिच्या आधी त्याला? नाही.

खरं काय ते असं.

लग्नाच्या वर्षी मी एका बंगल्यावर कामाला होतो, इथंच उस्मानपुऱ्यात. मालकानं बंगल्याला आपल्या बायकोचं नाव दिलं होतं. पांढऱ्या संगमरवराची कोरलेली पाटी आली. उस्तादांनी मला फाटकाच्या खांबात बसवायला सांगितली. मी बसवली, सिमेंटचा माल पक्का भरला, आणि लांब उभा राहून बघितलं तर मालकाचा ड्रायव्हर पोट धरून हसतोय. पाटी उलटी बसली होती. तिसरीनंतर तोवर मी अक्षरांकडं बघितलंच नव्हतं, मला ते कळलं नाही; वाचाय-लिहायला परत शिकलो ते पुढं, कामाच्या हिशेबापुरतं. उस्तादांनी सगळ्यांसमोर एक ठेवून दिली. मग पाटी काढायला लावली, सुलटी बसवायला लावली, आणि म्हणाले, बस हिच्यासमोर, कोरलेल्या अक्षरांतनं बोट फिरव, हात दुखंपर्यंत. मी फिरवलं. अख्खी सकाळ. ते नाव माझ्या बोटात गेलं.

त्यानंतर आठवड्यानं माझं लग्न. थोरल्या बहिणीनं माझ्या बायकोसाठी छान नाव ठरवलं होतं. ताट आलं, तांदूळ आले, शेजाऱ्याची अंगठी आली. बहिणीनं कानात नाव सांगितलं. समोर माझा सासरा, पोरीला सातवी शिकवलेला. आणि मला ते नाव लिहिता येईना. पहिलं अक्षर कुठून सुरू करायचं तेच कळंना. सगळे बघतायत.  मग अंगठी आपोआप फिरायला लागली. बोटाला जे येत होतं ते बोटानं लिहिलं.

"हे रे काय लिहिलंस?" बहीण फुसफुसली.

मला लिहिता येत नाही हे सासऱ्यापुढं कसं म्हणणार? मी मोठ्यानं म्हणलं, "मला हेच नाव आवडतं."

नवी नवरी शेजारी मान खाली घालून बसली होती. तिनं ते ऐकलं. पुढची पन्नास वर्षं तिनं तेच एक वाक्य धरून ठेवलं असणार. त्यात भर म्हणून मी बाजारला जाताना त्या बंगल्याचा रस्ता कायम टाळायचो. तिला वाचता येतं, पाटी दिसली तर माझं बिंग फुटंल, म्हणून. लांबून वळसा घालायचो आणि ती काही न बोलता मागं यायची. एक बाई याचा काय अर्थ लावणार?

दुसऱ्या दिवशी मी तिथं जाऊन आलो. बंगला नाही. खांब नाही. पाच मजली इमारत उभी आहे, खाली मोबाईलची दुकानं. महाराष्ट्राच्या नावाला लेण्यातला दगड तरी साक्षीला आहे. तिच्या नावाचा दगड कुणी भरावात टाकला असंल. आता ते एकट्या मला माहीत, आणि माझं काय खरं?

घरी येऊन कोऱ्या जागेत लिहिलं. चार दिवस लागले. आधी जुन्या कागदावर गिरवून, मग वहीत.

महाराष्ट्र दिनाला ओट्यावर पताका लावल्या होत्या. मी वही घेऊन गेलो. मास्तर खुर्चीतून उठला. मी म्हणलं, "सापडली. पण मीच वाचणार."

आधी महाराष्ट्राचं पान वाचलं. अडखळत. महारट्ठ म्हणताना दोनदा अडलो, कुणी हसलं नाही. मग शेवटचं पान काढलं आणि तिचं नाव मोठ्यानं वाचलं. कुठून आलं : उस्मानपुऱ्यातल्या एका बंगल्याच्या पाटीवरून. नवऱ्याला दुसरं नाव लिहिता येत नव्हतं म्हणून. दुसरी कुणी नव्हती. कुणी सांगितलं : नवऱ्यानं, उशिरा.

पहिली बोलली ती दौलताबाद. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मेल्या ओळंब्या, एवढं सांगायला काय दात पडत होते का तुझे? ती हसून हसून लोळली असती की!"

"व्हय," मी म्हणलं. "लोळली असती."

आणि मला दिसलं ते. तिचं हसणं. पाटी उलटी बसवल्याचं ऐकून ती कशी हसली असती, मग वर्गात येऊन सगळ्यांना कसं सांगितलं असतं, आणि मला त्याचाही राग आला असता.

वही बघायला मास्तर जवळ आला. शेवटचं पान त्यानं वाचलं, परत वाचलं. मग सवयीनं त्याचा हात खिशाकडं गेला आणि लाल पेन बाहेर आलं.

मी वही माझ्याकडं ओढली.

"नाय मास्तर," मी म्हणलं. "हे पान तपासायचं नाय."

त्यानं पेनाला टोपण लावलं. त्याच्या बायकोनं मला चहा आणून दिला. मी ओट्याच्या कडेला बसून तो प्यालो, वही मांडीवर घेऊन, साडेचार वाजेपर्यंत.